खांब काय म्हणते?

भाऊंच्या घरात जमिनीवर ठेवलेली एकही वस्तू नव्हती. चूल सोडून. चूल टांगता येत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं, आणि तेही त्यांनी एकदा करून पाहिलं होतं, असं बाई, त्यांच्या पत्नी, सांगत. बाकी सगळं तुळयांना नाहीतर खुंट्यांना लोंबकळत असे. धानाच्या टोपल्या, मिठाचं मडकं, लोणच्याची बरणी, नांगराचा फाळ, झाडणी. निजायच्या बाजासुद्धा दोरांनी टांगलेल्या. वाऱ्याची झुळूक आली की अख्खं घर हलकेच झुलायचं. पहिल्या दिवशी दारात उभी राहून पाहताना मला वाटलं, हे घर नाही, नावेचं पोट आहे.

"चपला हातात घ्या, मिसबाई," हे ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. "अन् ते खुटीवर अडकवा. इथी खाली ठेवलेलं नदीचं असते."

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. वडील बल्लारशाला रेल्वेत होते. ते गेले आणि मला नोकरी पाहावी लागली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. वैनगंगेच्या काठच्या त्या गावात मुलींची शाळा नुकती निघाली होती, आणि शिकवायला बाईमाणूसच हवं होतं. माझं मराठी पुस्तकातलं. गावातल्या पोरी माझं बोलणं ऐकून पदर तोंडात धरत. म्हणून मी बोलायची कमी आणि पाहायची जास्त. राहायला भाऊंच्या ओसरीलगतची खोली मिळाली. सगळा गाव त्यांना भाऊ आणि त्यांच्या बायकोला बाई म्हणायचा, तसं मीही म्हणू लागले. मी त्यांची मिसबाई झाले ती शेवटपर्यंत.

भाऊंचा जन्म जंगलाच्या ठेक्यांवर सागवान पारखण्यात गेला होता. बुटके, रुंद, कानाच्या पाळीवर केसांचा झुपका. झाडाचं खोड असो की दाराची चौकट, मधल्या बोटाच्या पेराने टकटक करायचं आणि कान लावायचा, ही त्यांची सवय. आत कीड आहे का, लाकूड कोणतं, किती वाळलेलं, सगळं त्यांना आवाजावरून कळे. शाळेत माझं टेबल आलं तेव्हा मुद्दाम चालत आले, टकटक केली आणि म्हणाले, "सागाचं म्हणून दिलं का तुमाले? आंबा हाय हा. पहिल्या पुरात फुगंल."

सगळ्या गोष्टींची शेवटची परीक्षा त्यांच्याकडे ही एकच होती. पुरात काय होईल?

माजघरात सागाचे चार नक्षीदार खांब होते. त्यातल्या चुलीजवळच्या खांबाला वरच्या अंगाला एक जाड लोखंडी खिळा ठोकलेला होता. भाऊ लहान असताना मोठा पूर आला होता. पाणी ओसरल्यावर खांब जिथवर ओला होता तिथं त्यांच्या वडिलांनी तो खिळा मारला. नंतरही पूर आले, अंगणात आले, एकदा चुलीतही शिरले. पण खिळ्यापर्यंत कोणताच पोचला नाही. पुढे भाऊंनी स्वतःच्या हाताने घराला माळा बांधला तो या खिळ्यावर बेतून, त्याच्या वर वीतभर. नदीकडच्या आमच्या गल्लीत इतकी उंच आणि भक्कम जागा दुसरी नव्हती. पाऊस धरला की गल्लीतलं कोणी ना कोणी दारातून डोकावे.

"खांब काय म्हणते गा, भाऊ?"

भाऊ हातातलं काम टाकून उठत. टाचा उंचावत, हात ताणत आणि तळहाताने खिळ्यावर फटका मारत.

"इथवरच! याच्यावर नाई."

विचारणारा कपाळावरचं पाणी पुसून घरी जाई. कितीतरी वेळा मी हे पाहिलं. आत येताना त्या बायकांचे चेहरे गच्च आवळलेले असत आणि जाताना सैल होत. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. पण ते भाऊंच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणाचा भात शिजत नसे.

"माहा बाप ताडासारखा उंच," भाऊ मला कौतुकाने सांगत. "तरी खिळा मारताना त्याले जात्यावर उभं राहा लागलं होतं. अन् मी बुटबैंगन, पाहा, टाचा उचलल्या का पोचतो."

"म्हातारपणी वाढून राह्यले तुम्ही," बाजेवरून बाई म्हणत.

यावर सगळे हसत. मीही हसले होते.

बाई फार वर्षांपूर्वी घाटाच्या दगडावर घसरून पडल्या होत्या. तेव्हापासून कमरेखालचं अंग निकामी. पाठ टेकवूनही त्यांना बसवत नसे. माजघरात टांगलेल्या बाजेवर त्या दिवसभर उताण्या पडून असत आणि तिथूनच घर चालवत. कोणत्या टोपलीला उंदीर लागला आणि छपरावरच्या कोणत्या कवेलूची जागा सरकली, हे आम्हाला त्या सांगायच्या.

भाऊंच्या तऱ्हा दोन ऋतूंच्या होत्या. उन्हाळ्यात ते गावाला हसवत, आणि पावसाळ्यात घाबरवत. भर दुपारी, कोरड्या उन्हात, ते अचानक ओरडत, "आली गा, आली!" मग घरातल्या प्रत्येकाने डोळे मिटून, हातात एकच वस्तू घेऊन, चाचपडत माळ्याच्या शिडीपर्यंत जायचं. पुरात दिवा पहिला विझतो, असं त्यांचं म्हणणं. "डोळे उघडे ठेवून कोणीबी वाचते. मिटून वाचा." मी पहिल्या वेळी इंग्रजीची डिक्शनरी उचलली. भाऊंनी ती हातात तोलून पाहिली आणि टकटक केली.

"पोहते का हे?"

"नाही."

"मंग हे तुमाले घेऊन जाईन खाली."

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "शेजारची सून लाटणं घेऊन आली होती. मिसबाईचं तरी वजनदार हाय."

पण झड लागली, म्हणजे दिवसेंदिवस उघडीप नाही असा पाऊस सुरू झाला, की भाऊंचा विनोद संपत असे. तेव्हा ते घरात कोणाला आडवं होऊ देत नसत. भिंतीला पाठ टेकून, बसून झोपायचं. मलासुद्धा. पाहुण्यालासुद्धा. "आडवा झाला तो तिचा," असं ते म्हणत. ती म्हणजे नदी. तिचं नाव ते पावसाळ्यात घेत नसत. सुरुवातीला मी मनातल्या मनात रागावले. मग एकदा बाईंनीच सांगितलं.

"याची बहीण होती, धाकली. त्या मोठ्या पुरात सगळे आढ्याखाली फळ्या टाकून त्याच्यावर बसले होते. पाणी फळ्यांवर चढलं, वीतभरच. बसले होते ते वाचले. ते निजली होती."

बाईंनी पांघरूण वर ओढून घेतलं.

"त्याच्याच मांडीजवळ निजली होती. अंधारात त्याले समजलंच नाई."

बाई आढ्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणून माह्यासाठी माळा बांधला. मले बसता येत नाई ना."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात चांद्याहून एक विमा एजंट आला होता. कोट घातलेला, घामाने निथळणारा, बोलायला गोड. भाऊंनी त्याला ओसरीत बसवलं, ताक दिलं आणि त्याचं सगळं ऐकून घेतलं. आयुष्याचा विमा, आगीचा विमा, मोटारीचा विमा.

"अन् पुराचा?"

एजंट हसला. "पुराचा नाही काढत आम्ही, भाऊ."

"काऊन? आमच्या इथी आगीनं कोण मेलं? नदीले सांगता का मंग जळायले?"

"तसं नाही. असं पाहा, आग लागते एका घराला. त्याचं नुकसान बाकीचे सगळे मिळून भरतात, त्याला म्हणायचं विमा. पूर येतो तो अख्ख्या गावाला. सगळेच बुडाले तर भरणार कोण?"

भाऊंना हे इतकं पटलं की त्यांनी मांडीवर थाप मारली. "वा! शहाणा हाय गा तू. आमचे बुढे हेच म्हणत." तेवढ्यात अंगणात टोल्यावरची माणसं आली. गावामागच्या पहाडीवर गोंडांचा एक टोला होता, आठ-दहा घरांची वस्ती. दरवर्षी पावसाच्या आधी नदीकाठची घरं आपलं बियाण्याचं धान टोल्यावर ठेवायला देत. पूर आला तर बियाणं वाचलेलं असे. पूर नाही आला तर प्रत्येक घराच्या धानातली एक टोपली टोल्याची. न आलेल्या पुराची टोपली, असंच म्हणत तिला. आणि पहाडीवर पीक करपलं त्या साली टोल्याने खाली येऊन धान न्यायचं. कधी सुरू झालं हे कोणाला ठाऊक नव्हतं, पण मोडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"हा पाहा आमचा विमा," भाऊ एजंटला म्हणाले. "पहाडीवर हाय. तिथी नदी चढत नाई."

टोल्यावरची जानोबाई सगळ्यांच्या पुढे होती. चाळिशीची, हाडापेराने मजबूत, दोन्ही दंडांवर गोंदण. डोक्यावर टोपली घेता घेता ती थबकली. "धान वर अन् माणूस खाली. असा कसा तुमचा हिशोब, भाऊ? पेनाले बी हासू येत असंल." पेन म्हणजे त्यांचा देव.

"माणसाचा विमा घरातच हाय वो," असं म्हणून भाऊ एजंटला आत घेऊन गेले, टाचा उंचावल्या आणि खिळ्यावर फटका मारला. एजंटने मान वर करून खिळा पाहिला, माळा पाहिला, मान डोलावली. "हे आमच्या कंपनीलाही जमलं नसतं."

जानोबाई दारातून पाहत होती. "खिळा बोलते का तुमच्याशी?"

"पन्नास वर्सं झाली, बोलूनच राह्यला."

"मंग एक दिवस खोटं बी बोलंल," ती म्हणाली आणि धान घेऊन निघून गेली.

पुढचं घडलं तेव्हा तिचं ते वाक्य माझ्या मनातही नव्हतं. श्रावणातल्या एका कोरड्या दुपारी भाऊ ओरडले, "आली!" मी डोळे मिटले आणि सवयीने निघाले. एव्हाना मला ती वाट हातांनी पाठ झाली होती. चारही खांबांवर वेलबुट्टीचा एक कोरीव पट्टा होता, आणि त्यालाच धरून मी जायची. पहिल्या खांबावर पट्टा खांद्याशी लागला. दुसऱ्यावर खांद्याशी. तिसऱ्यावर खांद्याशी. चुलीजवळच्या खांबाला हात लावला तर तिथं नुसतं गुळगुळीत लाकूड. पट्टा सापडेना. बोटं खाली खाली नेली, तेव्हा तो कमरेच्या जरा वर लागला.

मला वाटलं मीच कशावर तरी उभी आहे. डोळे उघडले. पायाखाली जमीनच होती.

घरातल्या कोणाचा हात तिथं का गेला नसेल, ते मला नंतर समजलं. त्या खांबाशी सगळ्यांचे हात सरळ वर, खिळ्याकडे जात. पट्ट्याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. मी मात्र तो खांब वरपासून खालपर्यंत पाहत राहिले. बाकीच्या खांबांच्या बुडाशी कोरलेलं कमळ होतं, याला नव्हतं. आणि वर, तुळई आणि खांब यांच्यामध्ये, काजळीने काळा झालेला एक लाकडी ठोकळा होता. बाकीच्या खांबांना तसा ठोकळा नव्हता.

या मुलखात सागाचा खांब कोणी फेकत नाही. बूड कुजलं तर तेवढं कापतात, वर ठोकळा भरतात आणि पुन्हा उभा करतात. हे मला भाऊंनीच सांगितलं होतं. खांब खालून हातभर कापला, तर त्यावरचा खिळाही हातभर खाली येणार. त्यांच्या उंच वडिलांना जात्यावर चढावं लागलं होतं, आणि आता भाऊ टाचा उचलून पोचत होते.

मी खोलीत जाऊन बसले आणि मनाशी मोजलं. माळा खिळ्याच्या वर वीतभर. खरी खूण खिळ्याच्या वर हातभर. म्हणजे तसा पूर पुन्हा आला तर माळ्याच्या फळ्यांवर वीतभर पाणी. बसलेल्याला काही होणार नाही. निजलेल्याच्या नाकातोंडात जाईल. आणि त्या माळ्यावर निजून राहणारं माणूस एकच होतं.

तीन-चार दिवस मी जेवताना मान वर करायची आणि झटकन खाली घालायची. शेवटी भाऊ बाहेर गेलेले पाहून बाई म्हणाल्या, "काय पाहून राह्यल्या वर? ठोकळा?"

मी ताट घेऊन त्यांच्या बाजेशी गेले.

"मी वरच पायतो दिवसभर. मले मालूम नसंल का? ते लाकूडच येगळं हाय."

"मग तुम्ही भाऊंना..."

"हे जंगलात होते तेव्हा सासऱ्यानं खांब दुरुस्त केला असंल. यायले मालूम नाई. अन् सांगून काय करू, मिसबाई? त्याची झोप त्या खिळ्यावर टांगली हाय. खिळा काढला तर माणूस कोसळंल." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अन् मले काय, गठ्ठ्यासारखं पहाडीवर वाहून नेतील? लोकं पायतील, मी अशी. त्याच्यापेक्षा माळा बरा. तुम्ही नका सांगू."

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मला झोप येईना, बसूनही नाही आणि पडूनही नाही.

मग झड लागली. मुलींनी शाळेत येणं बंद केलं. नदी दिसायची नाही, नुसता एक घुमणारा आवाज असायचा. एका सकाळी तो आवाज कमी झाला. मला बरं वाटलं. ओसरीत येऊन पाहते तो भाऊ गल्लीच्या टोकाला नाल्याशी उभे होते, छत्री नाही, काही नाही. मी जवळ गेले. त्यांनी बोटाने दाखवलं. पळसाचं एक पान पाण्यावर तरंगत चाललं होतं. नदीकडे नाही. नदीकडून गावाकडे.

"उलटा वाहून राह्यला," भाऊ म्हणाले. "तिनं दार बंद केलं. आता ते याले पोटात घेत नाई."

पाण्याला आवाज नव्हता. मी तोवर पुराची जी भीती मनात धरली होती ती आवाजाची होती, लोंढ्याची होती. हे पाणी शेजारणीसारखं हळूच आत येत होतं. पाहता पाहता ते गोठ्याच्या दारात आलं, मग तुळशीच्या ओट्याशी.

दुपारपर्यंत गल्ली आमच्या घरात जमली. गाठोडी, कोंबड्या, दोन शेळ्या, तान्ही मुलं. सगळे आत येत आणि खांबापुढे उभे राहत. एका म्हाताऱ्या शेजारणीने सगळ्यांच्या वतीने विचारलं.

"खांब काय म्हणते गा, भाऊ?"

भाऊंनी टाचा उंचावल्या. हात वर नेला. मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. मानेने नाही म्हणत होत्या.

माझ्या तोंडातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. "भाऊ, डोळे मिटा."

"आं?"

"डोळे मिटा. आली म्हणून समजा."

इतक्या वर्षांची सवय. त्यांनी खरंच डोळे मिटले. मी त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा धरत होते. पहिल्या खांबाशी नेलं. त्यांच्या बोटांना पट्टा कानाजवळ लागला. दुसऱ्याशी, तिसऱ्याशी. मग चुलीजवळच्या खांबाशी. बोटं कानाजवळ फिरली, मग गळ्याजवळ, मग छातीवर आली आणि तिथं थांबली.

भाऊंनी डोळे उघडले नाहीत. तसेच उभे राहिले. मग वळले, शिडी चढले, वर जाऊन खांबावर टकटक केली. भरीव, कोरडा आवाज आला. हात वीतभर वर नेला आणि ठोकळ्यावर टकटक केली. आवाज बसका, वेगळा. जन्मभर त्यांनी दुनियेची लाकडं वाजवून पाहिली होती. हा एक खांब सोडून. देवाला कोण वाजवून पाहतं?

"येन," ते म्हणाले. एवढंच. येनाचं लाकूड. साग नाही.

खाली सगळे वर पाहत होते. भाऊ उतरले ते एकदम म्हातारे होऊन उतरले.

"बापानं पाय कापला याचा," ते म्हणाले. "मी माळा खाली बांधला."

"मंग आता?" कोणीतरी विचारलं. "आता काय म्हणते खांब?"

भाऊंनी खांबाकडे पाठ फिरवली. अंगणातलं पाणी उंबऱ्याला लागलं होतं. ते बाईंच्या बाजेकडे पाहत होते, आणि मला खात्री आहे, त्यांना तिथं बाई दिसत नव्हत्या.

"काय पाहता?" बाई खेकसल्या. "मी टांगलेलीच हाय. दोर कापा अन् बांबू घाला. पाहू द्या लोकायले."

भाऊंनी बाजेच्या दोरांमधून बांबू घातला. इतकी वर्षं पुरासाठी टांगलेली ती बाज दोन क्षणांत डोली झाली. चार माणसांनी खांदा दिला. गल्ली सगळी मागे निघाली. पहाडीची वाट नाल्यापलीकडून होती, आणि नाला वाढत होता. बाई उताण्या, तोंडावर पाऊस. मी त्यांच्या बाजूने चालत होते.

"मले फक्त आभाळ दिसते," त्या म्हणाल्या. "पाणी कुठवर हाय, सांगा."

"घोट्यापर्यंत," मी म्हणाले. ते माझ्या गुडघ्यावर होतं.

थोड्या वेळाने पुन्हा, "कुठवर?"

"घोट्यापर्यंतच."

नाल्याच्या मध्यावर पाणी माझ्या छातीच्या वर आलं आणि पाय उचलला की तो कुठं पडेल ते समजेना. पुढचे दोघे डगमगले. भाऊ बाजेच्या खाली दोन्ही हात घालून, वर रेटत चालले होते. त्यांच्या हनुवटीशी पाणी होतं. बुटका माणूस.

"मिसबाई," बाई शांतपणे म्हणाल्या, "माही पाठ ओली झाली."

मी आणखी जवळ सरकले. त्यांचा हात घट्ट धरला. मग कोणाचा तरी पाय दगडावर लागला, आणि बाज वर आली.

टोल्यावर जानोबाई अंगणात उभी होती. चिखलाने माखलेली आमची रांग पाहून तिने कमरेवर हात ठेवले. "धानाच्या मागून आले का, भाऊ? लगीत उशीर केला." मग तिने बाईंची बाज आपल्या घरात घेतली, बियाण्याच्या टोपल्यांच्या शेजारी. भाऊ दाराबाहेर बसून राहिले. आडवे झाले नाहीत. खाली पाण्यात घरांची कवेलू कासवांच्या पाठींसारखी दिसत होती, आणि एकेक पाठ आत जात होती.

पाणी ओसरल्यावर आम्ही उतरलो. घर उभं होतं. माळ्याच्या खुंटीवर भाऊंनी एक कंदील टांगून ठेवलेला असे. त्याच्या काचेत तळाशी गाळ साचला होता. भिंतीवर चिखलाची रेघ होती ती माळ्याच्या फळ्यांच्या वर, वीतभरापेक्षा जास्त. लोक रेघेकडे पाहत उभे राहिले. एकाने हातोडा आणला.

"भाऊ, नवा खिळा मारा. रेघ मिटायच्या आधी."

भाऊंनी हातोडा घेतला. त्याच्या मागच्या बाजूने जुना खिळा उपसून काढला आणि बाहेर चिखलात फेकला. नवा मारला नाही.

"खिळा ठोकला का माणूस झोपते," ते म्हणाले.

त्यानंतरचे भाऊ मला फारसे हसताना आठवत नाहीत. "आली" म्हणून ओरडणं बंद झालं. त्याऐवजी ते लोकांच्या घरात शिरत आणि त्यांचे खांब वाजवून पाहत, तास तास. बसूनही त्यांना झोप लागत नसे. बाई म्हणाल्या तसंच झालं होतं. खिळा काढला आणि माणूस कोसळला. पण बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, "आता आमी दोघं बी वरच पायतो."

मी पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथं होते. ज्येष्ठ सरत आला आणि टोल्यावरची माणसं धान न्यायला आली. पाऊस अजून कुठं नव्हता. नदी वाळूत पसरून पडली होती. टोपल्या निघाल्या, आणि त्यांच्या मागे बांबूला टांगलेली बाईंची बाज निघाली. गल्लीतल्या बायका ओसऱ्यांतून पाहत होत्या. बाईंनी तोंडावर पदर घेतला नाही.

"मले बियाण्यात मोजलं यानं," त्या जानोबाईला सांगत होत्या. "रुजलो तर म्हणशीन."

भाऊ सगळ्यात शेवटी घराबाहेर पडले. दाराशी ती म्हातारी शेजारीण उभी होती. सवयीने तिने विचारलंच.

"खांब काय म्हणते गा, भाऊ?"

भाऊ परत आत गेले. मी ओसरीतून पाहत होते. त्यांनी टाचा उंचावल्या, हात ताणला आणि खिळ्याच्या रिकाम्या भोकात बोट घातलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग बाहेर आले.

"काईच म्हणत नाई," ते म्हणाले. "गाठोडं बांध वो. चाल."